एका तबकडीवर छप्पन गीतें

इ. स. १९५५ च्या रामनवमीस, शुक्रवारीं सकाळीं, पुण्याच्या नभोवाणी केंद्रावरून गीतरामायणाचें पहिलें गीत प्रक्षेपित झालें, त्या वेळीं यवतमाळ जिल्हा पुण्याच्या राज्यांत नव्हता. विदर्भाचे आठही जिल्हे तेव्हां मध्यप्रदेशांत मोडत असत, आणि त्यांचें नभोवाणी केंद्र नागपूरचें. तें १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालेलें. पुण्याचें केंद्र त्याहून पांच वर्षांनीं धाकटें. गीतरामायणाचें शेवटचें गीत १९ एप्रिल १९५६ रोजीं झालें. विदर्भ मुंबई राज्यांत आला तो त्यानंतर सहा महिन्यांनीं, १ नोव्हेंबर रोजीं. मध्यम लहरींची पोंच दिवसा फार दूर जात नाहीं, हें ज्यांनीं जुने रेडिओ वापरले आहेत त्यांस सांगावयास नको. तेव्हां पुण्याकडच्या घरांत शुक्रवारची सकाळ जशी रामकथेची झाली, तशी ती पैनगंगेच्या कांठच्या घरांत होणें कठीण होतें. दूरच्या गांवांना गीतरामायण हवें तेव्हां ऐकतां येईल अशा टिकाऊ रूपांत मिळालें तें तबकडीमुळें. त्या तबकडीचें रूप पुढील पन्नास वर्षांत कसें पालटत गेलें, आणि प्रत्येक पालटांत काय राहिलें व काय गळालें, याची हकीकत मनोरंजक तर आहेच. पण तींत थोडी चिंतेची बाबही आहे.

कल्पना पुणें केंद्राचे सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि चाली सुधीर फडके यांच्या. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचीं बावन्न गीतें असा मूळ संकल्प. परंतु त्या वर्षीं अधिक मास आला आणि गीतें छप्पन झालीं. प्रत्येक गीत रामकथेंतील कोणा ना कोणा पात्राच्या मुखीं घातलेलें, आणि प्रक्षेपणांत तीं गाणारेही निरनिराळे: स्वतः फडके, माणिक वर्मा, लता मंगेशकर, राम फाटक, ललिता फडके, वसंतराव देशपांडे. यांपैकीं वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा (१९२०). म्हणजे यवतमाळहून निघणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीचें जें दुसरें टोंक, त्याच गांवचा. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं घातलेली ती गाडी लोकांच्या तोंडीं 'शकुंतला' झाली. ती आतां यवतमाळास येत नाहीं. असो.

गीतरामायणाच्या आधीं अर्धें शतक तबकडी या देशांत आली होती. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग या गृहस्थानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें, तेथून हिंदुस्थानी संगीताच्या तबकडीचा इतिहास सुरू होतो. ती तबकडी लाखेची. मिनिटास सुमारें अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें वाजणारी. लाख आपल्याच रानांतली, परंतु तीन मिनिटांचा नियम परका. जो ख्याल बैठकींत तासभर चालावयाचा, त्यास तीन मिनिटांत बसविणें म्हणजे हत्तीस पालखींत बसविण्यासारखें होतें. कित्येक बुजुर्गांस हा प्रकार रुचला नाहीं. भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाचा आवाज आज कोणास ऐकतां येत नाहीं; ते १९२२ सालीं गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचें गाणेंही गेलें. उलट अब्दुल करीम खां यांनीं तीन मिनिटांच्या त्या अरुंद वाटेंतही सूर असा कांहीं लाविला कीं, १९३७ सालीं त्यांचें देहावसान झाल्यावरही कित्येक वर्षें लोक त्या तबकड्यांवरूनच त्यांस ओळखीत राहिले. बालगंधर्वांच्या नाट्यपदांचें भाग्य याहून मोठें. पद हें मुळांतच आटोपशीर. वन्स मोअरचा विस्तार तेवढा सोडून द्यावयाचा, कीं तें तबकडींत नीट बसे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' यांतील पदें, ज्या गांवांत नाटक मंडळी कधींही उतरली नाहीं अशा गांवांतही लोकांच्या ओठीं होतीं, तीं याच मार्गानें गेलेलीं. किल्ली द्यावयाची, प्रत्येक बाजूस सुई नवी लावावयाची, आणि वैशाखांत तबकड्या उन्हापासून जपावयाच्या, कारण यवतमाळच्या उन्हाळ्यांत लाखेची तबकडी पापडासारखी वांकडी होण्यास वेळ लागत नाहीं, इतका सगळा सोपस्कार त्या तीन मिनिटांमागें असे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. लाखेच्या तबकडीनें जो संकोच केला तो काळाचा होता. गाणें कापलें जाई, परंतु जेवढें राही तेवढ्यांत त्या यंत्राच्या शक्तीप्रमाणें सगळा नाद असे. पुढें जी तबकडी आली तिनें काळ मोकळा करून दिला आणि नादाचा संकोच केला. दोहोंत अधिक वाईट कोणतें, हें ठरविण्याची घाई करूं नये.

१९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास सवातेहतीस फेरे घेणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली. सूक्ष्म हिशेबानें ते फेरे तेहतीस आणि एक तृतीयांश. एका बाजूस वीस-बावीस मिनिटें गाणें मावूं लागलें आणि ख्यालास पुन्हां श्वास घेतां आला. पुढें १९६५ सालीं संपूर्ण गीतरामायण सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजांत अशा दहा तबकड्यांवर निघालें. दहा तबकड्यांच्या वीस बाजू, आणि एका बाजूस दोन-तीन गीतें. संच अर्थातच महाग. तो वाजविणारें यंत्र त्याहून महाग. ज्याच्या घरीं तो असे त्याच्या घरीं रामनवमीच्या नवरात्रांत शेजारीपाजारी ऐकावयास येत, आणि तबकडी उलटण्याचें काम घरांतील एखाद्या जबाबदार मुलाकडे असे. महत्त्वाची गोष्ट ही कीं, या संचांत क्रम मोडण्याची सोय नव्हती. पहिली तबकडी, तिची दुसरी बाजू, मग दुसरी तबकडी. कुश-लव रामापुढें गावयास बसतात तेथून आरंभ, आणि मग माडगूळकरांनीं ज्या ओळीनें कथा लाविली त्या ओळीनें ती ऐकावयाची.

याच संचानें आणखी एक गोष्ट केली. नभोवाणीवर अनेक गळ्यांतून आलेलें गीतरामायण लोकांच्या मनांत एका गळ्याचें झालें. कौसल्याही फडके, दशरथही फडके, आणि शूर्पणखाही तेच. फडके यांचें गाणें इतकें भावपूर्ण कीं, या बदलाची खंत फारशी कोणी केली नाहीं. परंतु ज्या पिढीनें तें नभोवाणीवर ऐकलें आणि ज्या पिढीनें तें तबकडीवर ऐकलें, त्या दोन पिढ्यांचें गीतरामायण एक नव्हे, हें इतिहासाच्या दृष्टीनें नमूद करून ठेवलें पाहिजे.

यवतमाळचा या काव्याशीं प्रत्यक्ष संबंध आला तो १९७३ सालीं. त्या वर्षीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळास भरलें आणि अध्यक्षस्थानीं होते स्वतः ग. दि. माडगूळकर. कापसाच्या आणि सागाच्या या जिल्ह्यानें आपल्या आवडत्या कवीस डोळ्यांनीं पाहिलें. पुढें चारच वर्षांनीं, १९७७ च्या डिसेंबरांत, ते गेले.

त्यानंतर फितीचें युग आलें. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं काढलेली छोटी कॅसेट आपल्याकडे ऐंशीच्या दशकांत घरोघर झाली. तिच्याविषयीं येथें फार लिहिण्याचें कारण नाहीं. ती स्वस्त होती, ती गुंतत असे, आणि गुंतली कीं पेन्सिलीनें गुंडाळावी लागे. तिनें एक मोठें काम मात्र केलें: ऐकणाऱ्यास मुद्रण करणारा केलें. गांवोगांवच्या भजनी मंडळांचीं भजनें, आजोबांचीं प्रवचनें, मुलींच्या मंगळागौरीचीं गाणीं फितींवर उतरलीं, आणि जीं कोणत्याही कंपनीनें कधीं काढलीं नसतीं तीं कपाटांत जमा झालीं.

१९८२ सालीं जपानांत कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, विक्रीस आली. बारा सेंटिमीटर व्यासाची ही चकचकीत तबकडी सुईनें वाजत नाहीं, प्रकाशाच्या किरणानें वाचली जाते. तिच्यावर नादाची रेघ नसते, नादाचे आंकडे असतात. एका सेकंदाचे ४४,१०० भाग पाडून प्रत्येक भागाची मोजणी सोळा अंकी द्विमान संख्येनें लिहावयाची, आणि हें डाव्या-उजव्या अशा दोन कानांसाठीं दोनदां. गुणाकार केला म्हणजे सेकंदास १४,११,२०० द्विमान अंक होतात. इतका प्रचंड पसारा असूनही एका तबकडीवर चौऱ्याहत्तर मिनिटें गाणें बसलें. गीतरामायणाच्या एका गीतास सरासरी सात मिनिटें धरलीं तर छप्पन गीतांस साडेसहा तास होतात, आणि त्यास अशा सहा तबकड्या लागतात. दहांच्या सहा झाल्या. यांत मोठें नवल नाहीं.

नवल घडलें तें जर्मनींत. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी एका निराळ्याच प्रश्नाच्या मागें लागले होते: या चौदा लक्ष अंकांपैकीं माणसाच्या कानास खरोखर ऐकूं येतात किती? कानाचा एक धर्म असा आहे कीं, मोठा आवाज चालू असतां त्याच्या शेजारच्या स्वरांतला बारीक आवाज त्यास जाणवत नाहीं. ढोल वाजत असतां शेजारची कुजबुज जशी बुडते, तसाच प्रकार. जें बुडणारच आहे तें नेटकें लिहून ठेवण्याचा खर्च कशास करावयाचा? म्हणून नादाचे सुमारें सव्वीस सहस्रांश सेकंदांचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यांतील उंच-नीच स्वर वेगळे करावयाचे, जें ऐकूं येईल तें काळजीनें लिहावयाचें आणि जें दबेल तें ढोबळपणें लिहावयाचें, किंवा गाळावयाचें. ही रीत १९९२ च्या सुमारास प्रमाण ठरली, आणि १९९५ च्या जुलैंत तिच्या फायलींस 'एमपी-थ्री' हें आडनांव मिळालें. तिची पारख करण्यास त्या मंडळींनीं जीं गाणीं वापरलीं त्यांत सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचें, कोणत्याही वाद्याच्या साथीवांचून गायिलेलें एक गाणें होतें. उघडा मानवी आवाज दाबणें हेंच सर्वांत अवघड, असा त्यांचा अनुभव. ज्या संगीतांत गळा हाच राजा आहे त्या आपल्या संगीतास हें ऐकून थोडा अभिमान वाटावयास हरकत नाहीं.

सेकंदास १,२८,००० अंक ही त्या काळीं रूढ झालेली मात्रा. सीडीच्या मानानें ती अकराव्या हिश्श्याची. म्हणजे ज्या तबकडीवर सव्वा तास गाणें बसत होतें, तिच्यावर बारा तास बसूं लागलें, आणि सहा तबकड्यांचें गीतरामायण एकीच्या अर्ध्याअधिक जागेंत मावलें. उरलेल्या जागेंत आणखी कांहीं भरण्याचा मोह कोणास आवरला असेल असें वाटत नाहीं.

या संकोचांत जें गळालें तें कोठें जाणवतें, हेंही सांगितलें पाहिजे. माणसाचा बोलता-गाता आवाज या मात्रेंत बराच शाबूत राहतो. बिघडतात तीं दोन टोंकें: एक तंबोऱ्याची जवारी, जिच्यांतील असंख्य बारीक स्वर एकमेकांत मिसळून झणझणत असतात, आणि दुसरें, एकाएकीं उठणारा आघात. तबल्यावरची थाप पडण्याच्या निमिषभर आधीं तिची अस्पष्ट सांवली ऐकूं येते, कारण एका तुकड्यांतील चूक त्या सबंध तुकड्यावर पसरते. विदर्भांतील श्रोत्यास याची खूण खंजिरीवरून पटेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळें खंजिरी या मुलखांत गांवोगांव पोंचली. तिच्या झांजांचा किणकिणाट फार उंच स्वरांचा असतो, आणि १,२८,००० च्या मात्रेंत फाईल करणारे बहुतेक कार्यक्रम सेकंदास सोळा हजार कंपनांच्या वरचें सरळ कापून टाकतात. ऐकणारा साठीचा असेल तर त्याच्या कानानें तें आधींच कापलेलें असतें, ही गोष्ट वेगळी. मात्रा दीडपट केली कीं हे दोष बरेच कमी होतात. तरीही गीतरामायण एका तबकडीवर राहूं शकतें. परंतु पुष्कळांस जागेची हांव होती, आणि बाजारांत मिळणाऱ्या तबकड्यांवर 'दीडशें गाणीं' हीच जाहिरात असे.

दोन हजार सालानंतर स्वस्त डीव्हीडी प्लेअर आले आणि त्यांपैकीं बहुतेक एमपी-थ्रीच्या तबकड्या वाजवूं लागले. दूरचित्रवाणीस जोडावयाचा, दोन किंवा पांच स्पीकर लावावयाचे, आणि रिमोटचें बटन दाबावयाचें, कीं बारा तासांची बेगमी झाली. तबकडी उलटणारा मुलगा या व्यवस्थेंत उरला नाहीं. हें सुख मोठें होतें. नाहीं म्हणण्यांत अर्थ नाहीं. परंतु येथेंच ती चिंतेची बाब आली.

सीडीवर पहिलें, दुसरें, तिसरें गाणें हा क्रम तबकडीच्याच अंगीं कोरलेला असतो. एमपी-थ्रीची तबकडी म्हणजे मात्र कागदांच्या फायली ठेवण्याचें कपाट. तींत क्रम नसतो, नांवें असतात. आणि पुष्कळसे प्लेअर तीं नांवें कोशकाराप्रमाणें, अक्षरामागून अक्षर पाहून लावतात. अंकही त्यांच्या लेखीं अक्षरेंच. कोणी भाविक गृहस्थानें छप्पन फायलींस १ पासून ५६ पर्यंत आंकडे दिले, तर त्याच्या घरांतील यंत्र १ नंतर २ घेत नाहीं, १० घेतें. मग ११, १२ असें १९ पर्यंत जाऊन मग २ कडे येतें. कुश-लवांनीं गावयास आरंभ केला कीं लगेच विश्वामित्र राम-लक्ष्मणांस मिथिलेस नेऊं लागतात. पुढें अहल्येचा उद्धार होतो, स्वयंवर होतें, वनवास होतो, आणि मग शरयूतीरावरील अयोध्येचें वर्णन येतें. रामजन्माचें गीत मूळ क्रमांत सहावें. या हिशेबानें तें त्रेपन्नावें वाजतें. छप्पन्नाव्या गीतानंतर राम जन्मास येतो, आणि सगळ्या रामायणाचा शेवट त्राटिकेच्या वधानें होतो! गीतांचीं नांवेंच रोमन अक्षरांत लिहिलीं तर कथा वर्णमालेच्या स्वाधीन होते. देवनागरींत लिहिलीं तर बहुतेक यंत्रांच्या पट्टीवर नुसते चौकोन उमटतात. उपाय अगदीं क्षुल्लक: १ ऐवजीं ०१ लिहावयाचें. परंतु हें शून्य घालावें लागतें हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ घरांत रामकथा उलटसुलट वाजली असणार. ज्यांनीं ती लहानपणीं प्रथमच अशी ऐकली, त्यांस सुटीं गीतें पाठ झालीं, पण माडगूळकरांनीं एकास एक जोडून बांधलेली माळ हातीं लागली नाहीं.

दुसरा उपद्रव शांततेचा. एमपी-थ्रीची फाईल ठराविक मापाच्या तुकड्यांची बनलेली असल्यामुळें तिच्या आरंभीं व शेवटीं थोडी मुकी जागा आपोआप येते. गीतांत ती खपून जाते. परंतु तासाभराचा ख्याल चार भागांत तोडून ठेविला, तर विलंबिताच्या ऐन मध्यें तंबोरा क्षणभर बंद पडतो, आणि ऐकणाऱ्याच्या छातींत धस्स होतें. तिसरा उपद्रव विजेचा. दोन हजार पांच सालाच्या पुढेंमागें महाराष्ट्रांत भारनियमन कडक होतें, आणि खेड्यांतून तें कित्येक तास चाले. बारा तासांची तबकडी सातव्या तासास थांबली तर वीज परत आल्यावर पुष्कळ यंत्रें पहिल्या गाण्यापासून पुन्हां आरंभ करीत. त्यामुळें त्या वर्षांत अनेक तबकड्यांचें पूर्वार्धच लोकांस परिचित झालें.

हक्काचा प्रश्नही टाळतां येत नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें दुसऱ्याचें गाणें विक्रीसाठीं उतरविणें हा गुन्हा आहे, आणि रस्त्याकडेला मिळणाऱ्या दीडशें गाण्यांच्या तबकड्यांपैकीं कित्येक याच जातीच्या होत्या. कवि आणि संगीतकार यांस त्यांतून कवडीही मिळाली नाहीं. २०१२ सालीं कायदा सुधारून गीतकार-संगीतकारांचा मानधनावरील वाटा राखण्यांत आला. तोंपर्यंत फडके जाऊन दहा वर्षें झालीं होतीं.

२०१९ च्या जानेवारींत साहित्य संमेलन पुन्हां यवतमाळास भरलें. अध्यक्षस्थानीं अरुणा ढेरे होत्या. दोन संमेलनांच्या मधल्या सेहेचाळीस वर्षांत दीर्घ ध्वनिमुद्रिका, फीत, सीडी आणि एमपी-थ्रीची तबकडी अशा चार पिढ्या होऊन गेल्या. एमपी-थ्रीचे स्वामित्वहक्क २०१७ सालीं संपले. त्याच वर्षीं सारेगामा कंपनीनें पांच हजार गाणीं पोटांत घेतलेला, जुन्या रेडिओच्या घाटाचा 'कारवां' हा डबा काढला, त्यास तर तबकडीच लागत नाहीं. नव्या संगणकांत तबकडीचा कप्पा दिसत नाहीं.

मात्र घरीं भाजलेल्या तबकड्या अजून कपाटांत आहेत, आणि त्यांचा धोका छापील तबकडीहून निराळा आहे. त्यांत नाद कोरलेला नसतो. रंगाच्या एका पातळ थरावर तो किरणानें उमटविलेला असतो, आणि तो थर ऊन व उष्णता यांनीं फिका पडतो. मे महिन्यांत खिडकींत किंवा मोटारींत राहिलेली तबकडी एखाद्या दिवशीं वाचलीच जात नाहीं. गीतरामायण पुन्हां विकत मिळेल. परंतु जुन्या फितींवरून उतरवून ठेवलेलें भजनी मंडळ, किंवा आजोबांचें प्रवचन, ज्याची मूळ फीत 'आतां तबकडी झाली' म्हणून टाकून दिली, तें त्या फिक्या होत चाललेल्या रंगाखेरीज दुसरीकडे कोठेंही नाहीं. ज्यांच्या घरीं अशी तबकडी असेल त्यांनीं ती अजून वाचली जात आहे तोंवर एखाद्या जुन्या संगणकावर चढवून दोन निरनिराळ्या ठिकाणीं प्रती ठेवाव्यात. तबकडीवर नांव लिहावयाचें तर मऊ टोंकाच्या पेनानें लिहावें. बॉलपेननें वरचा थर दुखावतो. फायलींस ०१ पासून आंकडे द्यावेत. आणि गीतरामायणाचा मूळ क्रम पडताळावयाचा असेल, तर केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानें १९५७ सालीं काढलेलें, किंवा त्यानंतरचें कोणतेंही छापील पुस्तक समोर ठेवावें. त्यांत छप्पनही गीतें ओळीनें दिलेलीं आहेत.